कापडाचे उरलेले तुकडे: आधीच मापात कापून ठेवावेत की लागतील तसे कापावेत?

उलटटाका (प्रश्न)

गेली सहा-सात वर्षे मी कपडे आणि गोधड्या शिवते आहे आणि एवढ्या काळात उरलेला एकही तुकडा मी फेकून दिलेला नाही. आता घरात तीन मोठी खोकी तुकड्यांनी गच्च भरली आहेत. मागच्या महिन्यात दोन दिवस खर्चून मी ते सगळे रंगांप्रमाणे वेगळे केले. ढीग फार देखणे दिसले, पण शिवायला बसले तेव्हा निळ्या ढिगातून बारा सारखे चौकोन काढण्यातच सकाळ संपली. प्रत्येक तुकडा उलगडायचा, त्याला इस्त्री करायची, पट्टी ठेवून पाहायची आणि नेमका तो मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या जागेचा, बाकदार तुकडा निघायचा. शेवटी कंटाळून मी नवे कापड फाडले आणि खोकी पुन्हा पलंगाखाली ढकलली.

हे तुकडे आधीच ठरावीक मापांत कापून ठेवावेत का, आणि ठेवायचे असल्यास कोणत्या मापांत? किती लहान तुकडा जपण्यासारखा असतो? शिवाय तिसऱ्या खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीला कुबट वास येऊ लागला आहे, तेव्हा साठवणीत माझे काय चुकते आहे, हेही कृपया सांगावे.

धावदोरा

रंगांप्रमाणे लावणे ही चूक नव्हे, पण तो दुसरा निकष आहे. मोठ्या, अखंड कापडाबाबत मापाचा प्रश्न नसतो, म्हणून तिथे रंग पाहून चालते. तुकड्यांचे तसे नाही. आधी माप लावावे आणि एका मापाचा डबा ओसंडू लागला तरच त्यात फिके आणि गडद असे दोन भाग करावेत. फिके-गडद ठरवताना डोळा फसतो, विशेषतः लाल आणि हिरव्याच्या बाबतीत. अशा वेळी ढिगाचा फोटो फोनवर कृष्णधवल करून पाहिला, की कोण कुठे बसतो ते लगेच कळते.

मापांबद्दल माझे मत असे, की सुटी मापे निवडू नयेत, एकमेकांत बसणारे मापांचे कुटुंब निवडावे. गोधडीच्या जोडकामात दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीत दडणारे कापड, जाते, त्यामुळे कापलेल्या चौकोनापेक्षा शिवून तयार झालेला चौकोन अर्ध्या इंचाने लहान होतो. अडीच इंची चार चौकोन जोडले तर, बाहेरच्या कडांची माया धरून, साडेचार इंची ठोकळा मिळतो आणि नऊ जोडले तर साडेसहा इंची. म्हणून अडीच, साडेचार आणि साडेसहा ही मापे एकत्र नांदतात, कारण त्यांतला कोणताही तुकडा दुसऱ्या तुकड्यांच्या ठोकळ्याशेजारी जसाच्या तसा लागतो. बारीक काम आवडत असेल तर दीड, दोन आणि साडेतीन असे दुसरे कुटुंब आहे: दीड इंची नऊ किंवा दोन इंची चार चौकोनांचा ठोकळा साडेतीन इंच भरतो. एकच कुटुंब निवडा. दोन्ही सांभाळायला गेलात, तर पुन्हा आजच्याच जागी याल.

किती लहान तुकडा ठेवावा, हे मायेच्या हिशेबावरून ठरवता येते. पाच इंची चौकोनातले ८१ टक्के कापड तयार गोधडीत वर दिसते, अडीच इंचीतले ६४ टक्के, दीड इंचीतले सुमारे ४४ टक्के आणि एक इंचीतले फक्त २५ टक्के. म्हणजे एक इंची चौकोन जपला, तर त्यातले पाऊण कापड शिवणीत लपवण्यासाठीच आपण जपतो. मी दीड इंचाखाली चौकोन ठेवत नाही. त्याहून बारीक तुकडे सुईची उशी भरायला ठेवते.

दुहेरीटीप

वरच्या प्रतिसादातले गणित बिनचूक आहे, तरीही सगळी खोकी एका झपाट्यात कापून टाकण्याला माझा विरोध आहे. मी नेमके तेच केले होते. एका सुट्टीत चारशेच्या आसपास अडीच इंची चौकोन कापले आणि नंतर मनात भरला तो दोन त्रिकोणांनी बनणाऱ्या चौकोनांचा नमुना. त्या पद्धतीत दोन चौकोन सुलटी बाजू आत घेऊन एकमेकांवर ठेवतात, कर्णाच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप घालतात आणि मग कर्णावर कापतात. त्यात तयार माप दोन इंच हवे असेल, तर मूळ चौकोन तीन इंचांना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी असा लागतो. माझ्या अडीच इंची चौकोनांतून निघालेला ठोकळा माया धरूनही सव्वादोन इंच भरेना. कापलेले कापड वाढवता येत नाही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही, पण चारशे चौकोनांनी ते नीट समजावून सांगितले.

तेव्हापासून मी तुकड्यांची आकारानुसार ढोबळ विभागणी करते आणि कापणे पुढे ढकलते. हाताच्या पंजापेक्षा मोठे तुकडे इस्त्री करून, घडी घालून आहेत तसेच ठेवते. लांब आणि अरुंद तुकडे कधीही चौकोनांत मोडत नाही, कारण पट्टीतून चौकोन केव्हाही निघतो, पण चौकोनांतून पट्टी निघत नाही. पंजापेक्षा लहान, वेडेवाकडे तुकडे तेवढे लगेच कापते, कारण त्यांच्या बाबतीत गमावण्यासारखे फारसे नसते.

पाऊण ते दोन इंच रुंदीच्या, एका टोकाला निमुळत्या होणाऱ्या पट्ट्या बहुतेक जण फेकतात. खरे तर तुकड्यांतला सर्वांत उपयोगी माल तोच. पातळ कागदाचा किंवा जुन्या पातळ सुती कापडाचा चौकोन पायाला घ्यावा, मध्यावर पहिली पट्टी सुलटी ठेवावी, तिच्यावर दुसरी उलटी ठेवून कडेने टीप मारावी, उलगडून नखाने दाबावी आणि असे दोन्ही कोपऱ्यांपर्यंत जावे. मग पायाच्या मापाने कडा छाटल्या, की पट्ट्या कितीही वाकड्या असल्या तरी ठोकळा काटकोनातच येतो. पाया कागदाचा असेल, तर टाका दीड मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवावा, म्हणजे कागद ओळीवर सहज फाटतो आणि टीप ओढली जात नाही.

एक गोष्ट मात्र कापताना विसरू नये, ती म्हणजे धाग्याची दिशा. तुकड्याला काठ उरलेला नसेल, तर तो दोन्ही हातांत धरून आधी एका आणि मग दुसऱ्या दिशेने ताणून पाहावा. जिकडे सर्वांत कमी ताणला जातो तो उभा धागा, जिकडे थोडा अधिक ताणला जातो तो आडवा, आणि कोपऱ्यातून कोपऱ्याकडे रबरासारखा लांबतो तो उरेब. ज्या चौकोनाच्या कडा उरेबात येतात, तो मशीनखाली हमखास पसरतो आणि शेजारच्या चौकोनाशी त्याचे कोपरे जुळत नाहीत. असा तुकडा पायावर जोडायच्या पट्ट्यांत टाकावा, तिथे पाया त्याला धरून ठेवतो.

काजबटण

मापांवर पुरेशी चर्चा झाली आहे, म्हणून मी कुबट वासाकडे वळते. बंद प्लास्टिकच्या पिशवीत कापड ठेवताना त्यात किंचित जरी ओल राहिली, तरी तिला बाहेर पडायला वाट नसते आणि बुरशी धरते. तुम्ही बहुधा इस्त्री करताना पाण्याचा फवारा मारला असेल आणि तुकडे गरम असतानाच पिशवीत भरले असतील. इस्त्रीनंतर ते तासभर उघडे पसरून ठेवावेत. पिशवीऐवजी सुती थैली किंवा झाकण थोडे सैल बसणारा पारदर्शक डबा वापरावा. डबा पारदर्शक असला तरी खिडकीजवळ ठेवू नये, कारण उन्हाने घडीच्या बाहेरच्या कडेचा रंग उडतो आणि तो पट्टा नंतर कापून टाकावा लागतो. खळ लावलेले तुकडेही साठवू नयेत, कसर खळीवर येते. ताठपणा हवा असेल, तर कापायच्या दिवशी खळ लावावी. गठ्ठ्यांना रबरबँड आणि टाचण्या लावू नयेत, कारण रबर कालांतराने चिकटून डाग पाडते आणि टाचणी गंजते.

साठवण्याआधी कापडाची जातही वेगळी करावी. होजिअरीचे ताणणारे कापड आणि विणीचे घट्ट सुती कापड एका डब्यात नकोत, ते एकाच गोधडीत शेजारी आले तर टीप लाटांसारखी होते. सुती आहे की पॉलिएस्टर याची शंका आली, तर धागे-दोन धागे चिमट्यात धरून, खाली पाण्याचे भांडे ठेवून पेटवून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राखाडी राख होते, पॉलिएस्टर मात्र वितळून आक्रसते आणि थंड झाल्यावर त्याची टणक गोळी उरते. ही खात्री इस्त्रीसाठीही हवी, कारण सुती कापडाला चालणाऱ्या उष्णतेत पॉलिएस्टर आळते. गडद लाल आणि गडद निळ्या तुकड्यांवर ओले पांढरे फडके दाबून रंग उतरतो का ते पाहावे. धुवायचेच असेल, तर कोपरे किंचित छाटून, जाळीच्या पिशवीत घालून, कापण्यापूर्वी धुवावे, नाहीतर दशा निघून तुकड्यांऐवजी दोऱ्यांचा गुंता हाती येतो.

उलटटाका

सर्वांचे मनापासून आभार. पिशवीबाबतचा अंदाज अगदी बरोबर निघाला. तुकडे इस्त्रीनंतर लगेच भरले होते आणि तळच्या दहा-बारा तुकड्यांवर काळे ठिपके आले आहेत. ते मी बाजूला काढले.

काल पहिले खोके घेतले आणि दोन्ही मतांचा मध्य काढला: मोठे तुकडे न कापता ठेवले, पट्ट्या वेगळ्या केल्या आणि फक्त लहान तुकडे अडीच इंची कापले. एका खोक्यातून १४० चौकोन आणि पट्ट्यांची एक भरगच्च थैली निघाली. मुंढ्याचे बाकदार तुकडे मात्र तसेच पडले आहेत. शिवाय भेट मिळालेला पाच इंची चौकोनांचा तयार गठ्ठा या कुटुंबात कसा बसवावा, ते कळत नाही. ते सगळे साडेचारवर छाटणे जिवावर येते.

धावदोरा

छाटू नका. पाच इंचीशेजारी चार चौकोनांचा ठोकळा हवा असेल, तर ते चौकोन पावणेतीन इंची घ्यावे लागतात, कारण जोडल्यावर ते बरोबर पाच इंच भरतात. त्यासाठी दुहेरीटीप यांनी राखायला सांगितलेले मोठे तुकडे कामी येतील. अडीच इंची डब्याला हात लावायची गरज नाही. पावणेतीन आणि अडीच इंची चौकोन डोळ्यांना सारखेच दिसतात, तेव्हा ते एका डब्यात चुकूनही मिसळू नका आणि दोन्ही डब्यांवर माप लिहून ठेवा.

दुहेरीटीप

मुंढ्याच्या तुकड्याच्या रुंद भागातून उभ्या धाग्याला समांतर जेवढा चौकोन निघेल तेवढा आधी काढावा. उरलेली कोयरीसारखी बाकदार कड पट्टी ठेवून दोन सरळ कापांत मोडली, की दोन निमुळत्या पट्ट्या मिळतात. त्या थैलीत टाका. कापताना इस्त्री मात्र कटिंग मॅटवर फिरवू नका, उष्णतेने मॅट वाकडी होते आणि मग तिच्यावरच्या रेघांचा भरवसा राहत नाही.

उलटटाका

मॅटबद्दलची सूचना एक दिवस उशिरा आली. डाव्या कोपऱ्यात तिला आता छोटी टेकडी आहे. उरलेल्या भागावर दुसरे खोके उघडते.