एफटीच्या एमबीए यादीतले डॉलर खरे किती?

पदवीधर_पुणे: फायनान्शियल टाइम्सच्या जागतिक एमबीए यादीत भारतातल्या काही संस्थांसमोर 'वेटेड सॅलरी' दीड लाख डॉलरच्या वर दिसते. त्याच संस्थांच्या प्लेसमेंट अहवालात सरासरी तीस-पस्तीस लाख रुपये असते. हा फरक कुठून येतो? यादीवर विसंबून कर्ज काढावं का?

आकडेमोड: दोन कारणं. पहिलं म्हणजे हा आकडा कॅम्पसवर मिळालेल्या पगाराचा नाहीच. पदवीनंतर साधारण तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांना प्रश्नावली जाते आणि तेव्हाचा पगार विचारला जातो. म्हणजे 2025 च्या यादीत 2021 ची बॅच.

दुसरं, आणि मोठं कारण: पगाराचं रूपांतर बाजारातल्या दराने होत नाही, क्रयशक्तीच्या दराने होतं, म्हणजे एका डॉलरला अमेरिकेत जेवढं विकत येतं तेवढं इथे किती रुपयांत येतं त्या दराने. भारतासाठी तो दर डॉलरला साधारण 20-22 रुपये धरा. 33 लाखांना 22 ने भागलं की 1,50,000 डॉलर. तेच 2025 मधल्या बाजारातल्या साधारण 85 च्या दराने भागा, 39 हजारही भरत नाहीत. उलटा हिशोबही करता येतो, पण अंदाजापुरताच, कारण बॅचमधले काही जण दुबई-सिंगापूरला असतात आणि तिथला दर वेगळा.

त्यावर आणखी संस्कार होतात. सर्वात वरचे आणि सर्वात खालचे पगार गाळतात, सरकारी व ना-नफा संस्थांत काम करणारे आणि पूर्णवेळ पुढे शिकणारे वगळतात, आणि क्षेत्रांमधल्या पगाराच्या तफावतीसाठी आकडा जुळवून घेतात. उरतो तो तुलनेपुरता आकडा. त्यावरून ईएमआय काढायचा नसतो.

मध्यक: उत्तरं किती आली, तेही पाहा. किमान 20 टक्के प्रतिसाद आणि किमान 20 उत्तरं, एवढीच अट आहे. 400 च्या बॅचमधून 80 जणांनी उत्तर दिलं तरी चालतं. उरलेले 320 काय कमावतात हे कुणालाच माहीत नाही. नोकरी मनासारखी नसलेला माणूस अशी प्रश्नावली भरायला बसेल का, तुम्हीच ठरवा.

शिवाय पगाराच्या आकड्यात तीन वर्षांचे सर्व्हे मिसळतात: चालू 50 टक्के, आधीचे दोन 25-25. ताज्या बॅचचा पगार 10 टक्क्यांनी घसरला आणि आधीचे स्थिर असतील, तर यादीत घसरण जेमतेम 5 टक्के दिसते. मंदीचं वर्ष असं झाकलं जातं.

पदवीधर_पुणे: मग एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी, बरी?

आकडेमोड: ते वेगळं प्रकरण आहे. तिथे माजी विद्यार्थ्यांना पगार विचारत नाहीत, संस्थाच आकडे भरते. पण ते रुपयात असतात आणि सरासरीऐवजी मध्यक (पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा) देतात, त्यामुळे परदेशातल्या दोन-चार गलेलठ्ठ ऑफर्समुळे आकडा फुगत नाही. संस्थेने भरलेली माहिती संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळते: किती जणांनी मुदतीत पदवी घेतली, किती प्लेस झाले, किती पुढे शिकायला गेले. कर्जासाठी तोच मध्यक धरा, कर वजा करा, मग हप्ता काढा.

मध्यक: सहमत, एक दुरुस्ती. तो मध्यक प्लेस झालेल्यांचाच असतो. 100 पैकी 70 प्लेस झाले असतील तर पूर्ण बॅचचा मध्यक त्याहून खालीच असणार, म्हणून दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचा. आणि एफटीत पगारवाढीचा स्वतंत्र रकाना आहे तो सोडू नका. आधीच चांगला पगार असलेले विद्यार्थी घेणाऱ्या संस्थेचा तीन वर्षांनंतरचा पगार मोठा दिसतोच. त्यात अभ्यासक्रमाची भर किती, ते वाढीच्या रकान्यातून थोडंफार कळतं.