मदत हवी आहे: ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्सच्या कामासाठी ट्रॅकबॉल कोणता घ्यावा?

फिक्श्चरवाला

नमस्कार मंडळी. काम जिग-फिक्श्चर (मशीनवर जॉब पकडून ठेवणारी साधनं) डिझाइनचं: बराचसा वेळ ऑटोकॅडमध्ये टूडी ड्रॉइंग, उरलेला सॉलिडवर्क्समध्ये थ्रीडी मॉडेल. मनगट कमी हलेल असं साधन वापरा, असं फिजिओथेरपिस्टनी सांगितल्यामुळे ट्रॅकबॉलचा (स्वतः जागेवर राहणारा, वरचा बॉल फिरवून कर्सर नेणारा माऊस) विचार आहे.

- विंडोज ११, दोन मॉनिटर, प्रत्येकी १९२० × १०८०
- कीबोर्ड टेबलाखालच्या सरकत्या ट्रेवर, त्याच्या उजवीकडे साधारण २० सेंमी जागा
- उजवा हात. दुखणं मनगटाचं आहे, अंगठ्याला काही नाही
- डोक्यात असलेली मॉडेलं: लॉजिटेक एम५७५, एमएक्स अर्गो, केन्सिंग्टन एक्सपर्ट माऊस, एलेकॉम ह्यूज

अंगठ्याने फिरवायचा घ्यावा की बोटांनी? बॉल मोठा असला की बारीक पिकिंग (नेमकी रेघ किंवा बिंदू क्लिक करणं) चांगलं जमतं हे खरं का? डीपीआय (बॉल एक इंच सरकला की कर्सर किती पिक्सेल जातो तो आकडा) किती ठेवावा? आणि चाक दाबून पॅन करायची (ड्रॉइंग सरकवायची) सवय आहे, तिचं काय होतं?

तिसरा_कोन

तुमचा शेवटचा प्रश्न पहिला हवा होता. कॅडसाठी ट्रॅकबॉल निवडताना बॉलचा व्यास आणि डीपीआय नंतर बघा. आधी बघा मधलं बटण कुठे आहे, आणि ते दाबून धरलेलं असताना बॉल मोकळा फिरतो का. ऑटोकॅडमध्ये मधलं बटण धरून पॅन, शिफ्टसोबत ऑर्बिट (मॉडेल फिरवणं). सॉलिडवर्क्समध्ये तेच धरून रोटेट, कंट्रोलसोबत पॅन, शिफ्टसोबत झूम. म्हणजे दिवसभर हे बटण नुसतं दाबायचं नसतं, धरून ठेवायचं असतं. साध्या माऊसवर हात सरकतो आणि बोट जागेवर राहतं, त्यामुळे हे जाणवत नाही. ट्रॅकबॉलवर धरणारं बोट वेगळं आणि फिरवणारं वेगळं लागतं.

आता एकेक मॉडेल.

एम५७५ आणि अर्गो, दोन्हींत बॉल ३४ मिमीचा, अंगठ्याखाली. मधलं बटण म्हणजे चाकच. तर्जनीने चाक दाबून धरा, अंगठ्याने बॉल फिरवा, जमतं. पण चाक दाबायला घट्ट असतं आणि दाबताना एखादा खाच पुढेमागे सरकतो, की पॅनच्या ऐवजी झूम. उपाय: डाव्या क्लिकच्या शेजारी बॅक-फॉरवर्डची जी दोन बटणं आहेत, त्यातल्या एकावर लॉजिटेकच्या ऑप्शन्स प्लस सॉफ्टवेअरमधून मिडल बटण बसवायचं. ही नेमणूक फक्त ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्सपुरती ठेवता येते, ब्राउझरमध्ये बॅक बॅकच राहतं.

एक्सपर्ट माऊसचा बॉल ५५ मिमीचा, त्याभोवती स्क्रोलचं कडं, चार कोपऱ्यांत चार मोठी बटणं. कॅडसाठी मांडणी अशी करा: खाली डावीकडे अंगठ्याशी डावं क्लिक, वर डावीकडे मिडल, खाली उजवीकडे उजवं क्लिक. वरचं डावं बटणही अंगठाच पुढे सरकवून धरतो, तर्जनी-मध्यमा बॉलवर मोकळ्या राहतात. पॅन, रोटेट अगदी सुतासारखं होतं. चौथ्या बटणावर एस्केप टाका. झूमसाठी मात्र बोटं बॉलवरून कड्यावर न्यावी लागतात. चाकाची सवय असलेल्याला पहिला आठवडा चिडचिड होणार.

ह्यूजचा बॉल ५२ मिमी. डावं क्लिक आणि चाक दोन्ही अंगठ्याकडे. चाक अंगठ्याने दाबून धरणं हा जाच आहे, म्हणून उजव्या कडेच्या फंक्शन बटणांपैकी एकावर मिडल टाका आणि ते अनामिकेने धरा. झूम अंगठ्याच्या चाकाने होतं, तेवढ्यापुरतं ते एक्सपर्टपेक्षा सोयीचं.

एक चाचणी जरूर करा. बटणाला मिडल नेमल्यावर ऑटोकॅडमध्ये ते धरून बॉल फिरवा. ड्रॉइंग जरासं हलून थांबलं तर सॉफ्टवेअर बटण धरून ठेवत नाहीये, एकदा दाबून सोडतंय. तसं झालं तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली ती नेमणूक काढा आणि एक्स-माऊस बटन कंट्रोल हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. त्यातही प्रोग्रामनिहाय प्रोफाइल करता येतात. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये एकाच बटणाला काम नेमू नका, मग कोण ऐकतंय ते कळत नाही.

आणि मधलं बटण दाबल्यावर पॅनऐवजी ऑब्जेक्ट स्नॅपचा मेनू उघडला तर दोष ट्रॅकबॉलचा नाही. ऑटोकॅडमधलं एमबटनपॅन हे सेटिंग ० झालेलं असतं, ते १ करा.

अर्धा_मिमी

बॉलच्या व्यासाबद्दल. थोडं गणित केलं की बरेच गैरसमज जातात.

१००० डीपीआयला बॉलचा पृष्ठभाग एक इंच, म्हणजे २५.४ मिमी सरकला की कर्सर १००० पिक्सेल जातो (विंडोजचा वेगाचा स्लायडर मध्यावर, ॲक्सिलरेशन बंद धरून). अंगठ्याची एक आरामाची फेक साधारण एवढीच असते. तुमचे दोन मॉनिटर मिळून ३८४० पिक्सेल, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चार फेका. ४०० डीपीआयला त्याच जवळजवळ दहा. मोठ्या बॉलवर दोन बोटांची फेक ५० मिमीच्या पुढे जाते, त्यामुळे कमी डीपीआय ठेवूनही स्क्रीन पार होते. मोठ्या बॉलचा खरा फायदा हा.

उलट बाजूने: १००० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे ०.०२५ मिमी सरकणं, ४०० ला ०.०६ मिमी. अंगठ्यापेक्षा तर्जनीच्या टोकाला एवढी बारीक हालचाल सोपी जाते. "मोठा बॉल म्हणजे अचूक" हे अर्धं खरं. बोटांनी फिरवता म्हणून अचूक, हे जास्त खरं.

सुरुवात ८०० ते १००० ने करा. एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन हे ॲक्सिलरेशन गेम खेळणारे बंद करायला सांगतात. ट्रॅकबॉलला ते चालू ठेवून बघा. हळू फिरवलं तर कर्सर बारीक सरकतो, झटका दिला तर दुसऱ्या मॉनिटरवर पोचतो. एकदा ठरवलं की निदान दोन आठवडे हात लावू नका. रोज आकडे बदलले तर हाताला सवय लागणार कधी?

ऑटोकॅडमध्ये पिक्सेलभर अचूकता तशीही क्वचितच लागते. ओस्नॅप (ऑब्जेक्ट स्नॅप, कर्सर जवळच्या टोकाला वा मध्याला आपोआप चिकटतो) चालू, त्याच्या पकडीचा चौकोन म्हणजे ॲपर्चर मूळ १० वरून १२-१४ करा, निवडीचा चौकोन म्हणजे पिकबॉक्स ३ वरून ५. लांबी देताना एफ८ ने ऑर्थो (रेघ फक्त आडवी किंवा उभी) लावा, कर्सर फक्त दिशेला ढकला आणि आकडा टाइप करून स्पेसबार. कड्यावरून झूम फार उड्या मारत असेल तर झूमचा टप्पा ठरवणारं झूमफॅक्टर ६० वरून ३०-४० वर आणा.

खटका

एवढ्या खोलात जाऊ नका. एम५७५ घ्या, स्वस्त आहे, भारतात वॉरंटीसह सहज मिळतो, एका एए सेलवर वर्षभर आरामात चालतो. नाही जमला तर घरच्या कॉम्प्युटरला लावा.

तिसरा_कोन

@खटका, अधूनमधून कॅड उघडणाऱ्याला हेच सांगेन. पण दिवसभर पॅन-रोटेट म्हणजे सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायुबंधांवर. मनगट वाचवायचं आणि अंगठ्याचं दुखणं ओढवून घ्यायचं, हा आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, वस्तू उचलताना कळ येऊ लागली तर अंगठ्याचा ट्रॅकबॉल त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. डी क्वेरव्हेन म्हणतात तो हाच त्रास.

अर्गोला तळाशी चुंबकाने बसणारी धातूची पट्टी आहे, तिने तो २० अंश कलतो आणि मनगट पालथं पडत नाही. अंगठ्याचाच घ्यायचा असेल आणि बजेट असेल तर अर्गो. त्यात बॉलशेजारी कर्सर मंद करायचं बटणही आहे, दाट ड्रॉइंगमध्ये डायमेन्शन पकडायला कामाला येतं.

टेबलाची_कड

सरकत्या ट्रेकडे कोणी लक्षच दिलं नाही! ह्यूज साधारण १८ सेंमी लांब आणि साडेअकरा सेंमी रुंद. रुंदीला तुमच्या २० सेंमीत बसेल, पण ट्रेची खोली मोजा, कारण मनगटही ट्रेवरच टेकायला हवं. त्याहून महत्त्वाचं, ट्रे आणि टेबलाचा तळ यांतलं अंतर मोजा. ह्यूज आणि एक्सपर्ट दोन्ही सहा सेंमीच्या आसपास उंच, वर हाताची जाडी. ट्रे पूर्ण बाहेर ओढल्याशिवाय बोटांची पेरं टेबलाला घासतील.

एक्सपर्टसोबत मनगटाखाली ठेवायची गादी येते. ती काढून वापरलात तर पंजा वर उचललेला राहतो, आणि ज्याच्यासाठी ट्रॅकबॉल घेताय तेच बिघडतं. गादीसकट जागा मोजा.

फिक्श्चरवाला

सर्वांचे आभार. एक्सपर्टकडे कल होतोय. ट्रे काढून कीबोर्ड टेबलावर घेता येईल. आणखी दोन शंका. स्लिमब्लेड प्रो कसा? त्यात कडं नाही, बॉलच पिळून स्क्रोल होतं म्हणे. आणि अगदी एक-दोन पिक्सेल सरकवताना बॉल अडतो आणि मग उडी मारतो, अशी तक्रार वाचली. ती कशामुळे?

अर्धा_मिमी

स्लिमब्लेडचा बॉलही ५५ मिमीचाच. पिळून झूम करणं मजेशीर आहे, पण कर्सर नेताना बोटांनी बॉलला जरा जरी पीळ दिला तर नको तेव्हा झूम होतं. वाचनाच्या कामाला छान. दिवसभराच्या टूडी ड्राफ्टिंगला कडं बरं, कारण झूम आणि कर्सर वेगवेगळे राहतात.

बॉल अडण्याचं कारण घर्षण. बॉल तीन बारीक टेकूंवर बसतो (एलेकॉममध्ये ते कृत्रिम माणकाचे असतात). हाताचा मळ आणि कापडाचे तंतू या तीन ठिकाणी साचून करड्या रंगाची टिकली तयार होते. मग बॉल आधी चिकटतो, जोर वाढला की सुटतो, ती तुमची उडी. कर्सर एकाच दिशेला जड जात असेल तर तीनपैकी एकाच टेकूवर मळ आहे असं समजा. कर्सर मध्येच थिजत असेल तर सेन्सरच्या खिडकीवर केस अडकलाय.

सफाई आठवड्यातून एकदा. एक्सपर्टचा बॉल हाताने उचलला की निघतो. एम५७५ आणि अर्गोला तळाशी भोक आहे, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ढकला. खाली दुसरा हात धरा, नाहीतर बॉल कपाटाखाली. कापूस लावलेल्या काडीने तिन्ही टेकू पुसा, नखाने खरवडू नका. खिडकीवर कोरडी काडी. बॉल मऊ कोरड्या कापडाने.

बॉल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलात तर तो काही काळ जास्तच अडेल, कारण पृष्ठभाग पार कोरडा होतो. बॉल नाकाच्या शेंड्यावर घासून परत बसवणे हा जगभरच्या ट्रॅकबॉलवाल्यांचा इलाज ऐकायला किळसवाणा आहे, पण लागू पडतो. कोऱ्या बॉललाही पहिले काही दिवस तेच करावं लागतं. खोबरेल किंवा मशीन ऑइल नको, धूळ धरून ठेवतं.

तिसरा_कोन

सेटिंगमधली एक राहिलेली गोष्ट. ऑटोकॅडमध्ये डावं बटण धरून ओढलं की लॅसो निवड (मोकळा घेरा काढून निवडणं) सुरू होते. ट्रॅकबॉलवर क्लिक करताना बॉलला धक्का लागला की नको तिथे लॅसो येतो. ऑप्शन्समध्ये सिलेक्शन टॅबवर जाऊन लॅसोची खूण काढा आणि दोन क्लिकने विंडो करा. पहिलं क्लिक, बटण सोडा, बॉल फिरवा, दुसरं क्लिक. हाताला आराम आणि निवडही नेमकी.

सॉलिडवर्क्समध्ये डाव्या हाताला जास्त काम द्या: एफने झूम टू फिट, कंट्रोल+८ ने नॉर्मल टू (निवडलेला पृष्ठभाग समोरून), कंट्रोल+७ ने आयसोमेट्रिक, बाणाच्या कळांनी १५ अंश आणि शिफ्ट+बाणांनी ९० अंश फिरवणं. रोटेट फार वेगाने होत असेल तर ऑप्शन्समधल्या व्ह्यू विभागात माऊस स्पीड कमी करा, डीपीआयला हात लावू नका. उजवं बटण धरून छोटा झटका देण्याचे माऊस जेस्चर ट्रॅकबॉलवर फार छान चालतात.

थ्रीडीचं काम वाढलं तर डाव्या हाताला थ्रीडीकनेक्शनचा स्पेसमाऊस (मॉडेल फिरवायची वेगळी मूठ) घ्या. मॉडेल फिरवणं तिकडे गेलं की ट्रॅकबॉलला फक्त पिकिंग उरतं. नुसत्या टूडीला मात्र तो पैसा वाया, डावा हात कमांड टाइप करायला मोकळा हवा.

खटका

डबल-क्लिकचंही सांगून ठेवतो. एकदा दाबलं तरी दोनदा लागतं, ओढताना निवड सुटते, असं होऊ लागलं की आतला मायक्रोस्विच गेला. पेंटमध्ये डावं बटण धरून लांब रेघ ओढा, मध्ये तुटली तर नक्की. स्विच तीन पायांचा असतो, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधा. जुन्याचं सोल्डर काढून नवा बसवता येतो. वॉरंटी असेल तर उघडू नका. ऑनलाइन घेताना विक्रेत्याच्या बिलावर वॉरंटी भारतातली आहे का ते बघा, एलेकॉमचा बराच माल थेट आयात केलेला असतो.

शून्य_अंश

धाग्यावर घुसतोय, पण इथे कॅटिया व्ही५ हे थ्रीडी कॅड आहे. एक्सपर्टच घ्यावा का?

तिसरा_कोन

@शून्य_अंश, नाही. तुमचं गणित उलटं आहे. कॅटियात फिरवायला मधलं बटण धरून त्यावर डावं किंवा उजवंही धरावं लागतं. दोन बटणं धरलेली आणि बॉल फिरता, हे एक्सपर्टवर म्हणजे अंगठा वरच्या बटणावर, करंगळी उजव्या बटणावर आणि मधली बोटं बॉलवर. हात पार ताणला जातो. अंगठ्याच्या ट्रॅकबॉलवर तर्जनी चाकावर, मध्यमा उजव्या क्लिकवर, अंगठा बॉलवर, सगळं नैसर्गिक जागी. अर्गो घ्या, आणि एनएक्स (आणखी एक थ्रीडी कॅड) वापरणाऱ्यांनीही मिडल आणि उजवं एकत्र धरून पॅन करायची सवय असेल तर हेच करावं. एनएक्समध्ये शिफ्ट+मिडलनेही पॅन होतं, ती सवय लावली तर बोटांचा ट्रॅकबॉलही चालेल.