मदत हवी आहे: मुलीचा मायनस नंबर व्यायामाने खरंच उतरतो का?

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मागच्या जूनमध्ये दोन्ही डोळ्यांना -१.२५ नंबर लागला, यंदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासलं तर -२. डॉक्टरांनी रात्री घालायला ०.०१ टक्के अ‍ॅट्रोपिनचे थेंब सुचवलेत. नंबर उतरणार नाही, वाढ थोडी मंदावू शकते, असं त्यांनी आधीच सांगितलं.

इकडे नणंदबाईंनी एका शिबिराची माहिती पाठवली आहे. पामिंग (मिटलेल्या डोळ्यांवर तळहात ठेवणं), त्राटक (एकाच गोष्टीकडे एकटक बघणं), उगवत्या सूर्याकडे बघणं, बारीक भोकांचा चष्मा. तीन महिन्यांत नंबर शून्य. त्या काळात नेहमीचा चष्मा मात्र घालायचा नाही. घरात सगळे म्हणतात, करून बघायला काय जातं? माझ्या मते बरंच जातं. बिनचष्म्याने तिला वर्गातला फळा दिसत नाही, आणि सूर्याकडे बघायला तर मी तिला कधीच लावणार नाही.

मला समजलंय ते असं: बहुतेक मुलांत मायनस नंबर वाढतो तो डोळ्याचा गोळा मागे लांबत गेल्यामुळे. एक मिलिमीटर लांबी म्हणजे साधारण अडीच-तीन नंबर. लांबलेला डोळा तळहात ठेवून आखूड कसा होईल? भोकांच्या चष्म्यातून स्पष्ट दिसतं, पण तो काढला की पुन्हा धूसर. शिबिराच्या नमुना वर्गात ती तक्त्यावरची एक ओळ जास्त वाचू शकली, तेव्हा सगळे हरखले. तोच तक्ता तिने दहा मिनिटांत तिसऱ्यांदा वाचला होता, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

नंबर लागणं टाळता येतं ही गोष्ट अगदीच खोटी नाही, म्हणून मी जास्त गोंधळते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना नवा मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. हा अभ्यास २०१५ साली छापून आला. धाकटा सहा वर्षांचा आहे, त्याला अजून नंबर नाही. त्याला रोज संध्याकाळी मैदानावर नेतेच आहे.

आता विचारायचं आहे ते असं. अ‍ॅट्रोपिन कुणाच्या मुलांना चालू आहे का? किती वर्षं घातलं, बंद केल्यावर नंबर भराभर वाढला का? डोळ्याची लांबी मोजून घेतली होती का, की फक्त नंबरच बघत होतात? आणि व्यायामाने नंबर उतरला असं ज्यांना वाटतं, त्यांची आधीची आणि नंतरची तपासणी दोन्ही वेळा बाहुली मोठी करणारे थेंब घालून झाली होती का, तेवढं जरूर लिहा.

नणंदबाईंचा मुलीवर फार जीव आहे. त्यांना न दुखावता नाही कसं म्हणू, तेही सुचवा. शिबिराचे पैसे रविवारपर्यंत भरायचे आहेत.