पान लागले : सर्पदंशाचे घरोघरचे अनुभव

कातळवाट

काल जुनी कात्रणे चिकटवत असताना नोव्हेंबर 2024 मधील एक बातमी पुन्हा हाती आली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवून सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले होते, म्हणजे रुग्णालय सरकारी असो वा खासगी, सर्पदंशाचा संशयित रुग्ण आणि सर्पदंशाने झालेला मृत्यू त्याने कळवायचा. बातमी लहानशीच होती, पण ती वाचताना मला 1986 सालचा श्रावण आठवला आणि रात्री झोप लागली नाही.

आमचे घर राजापूर तालुक्यातले. माझा चुलतभाऊ तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि मी नऊ वर्षांचा. लावणी आटोपली होती, घरात पाहुणे होते, म्हणून आम्हा मुलांची अंथरुणे पडवीत जमिनीवर घातली होती. पहाटे तो पोटात दुखते म्हणून उठला. काकूने त्याला ओवा आणि गरम पाणी दिले. उजाडेपर्यंत त्याला थुंकी गिळता येईना, पापण्या आपोआप मिटू लागल्या आणि बोलणे जड झाले. कुणी म्हणाले, रात्रीचे जेवण बाधले. कुणी म्हणाले, हे बाहेरचे आहे, आणि भगताकडे माणूस धावला. ओढ्याला पाणी असल्यामुळे गाडी गावात येऊ शकत नव्हती. शेवटी डोली केली, आणि तालुक्याच्या वाटेवर त्याचा श्वास थांबला. अंगावर कुठे सूज नव्हती, रक्त नव्हते, आणि साप तर कुणीच पाहिला नव्हता.

पंधरा वर्षांनी एका डॉक्टर मित्राला मी ही लक्षणे सांगितली, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग एकच शब्द बोलला, ‘मण्यार’. तोपर्यंत आमच्या घरात त्या मृत्यूला नाव नव्हते. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. तो आकडा रुग्णालयांच्या वह्या चाळून मिळालेला नाही. घरोघर जाऊन, मरणापूर्वी माणसाला काय काय झाले हे घरच्यांना विचारून तो काढावा लागला. आमच्याकडे असे विचारायला कधी कुणी आले नाही, म्हणून मीच येथे विचारतो आहे. आपल्या घरी, शेजारी, शेतात असे काही घडले असेल तर कृपया लिहावे. माणूस वाचला असेल तर तो कसा वाचला, हेही अवश्य लिहावे.

सुईदोरा

दादा, तुमच्या भावाविषयी वाचून फार वाईट वाटले. मी कोकणातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात अठरा वर्षे परिचारिका होते. मण्यारीचा दंश असाच असतो. तिचे दात बारीक असतात, चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही, आणि पहाटेची पोटदुखी हेच पहिले लक्षण असते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले माणूस पहाटे पोट धरून आले आणि त्याच्या पापण्या जड दिसल्या, तर चाव्याची खूण नसली तरी आम्ही सर्पदंशच धरून चालत असू.

आमच्या भागात फुरशाचे रुग्ण सर्वांत जास्त येत. कातळावर, गडग्याच्या दगडांत, गवत कापताना ते हाताला किंवा घोट्याला चावते. फुरसे आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती जाते. त्यासाठी आम्ही एक साधी तपासणी करायचो : कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती 20 मिनिटे अजिबात न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून पाहायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष निकामी करणारी लस लगेच सुरू करायची. ती 20 मिनिटे नातेवाईकांना सहन होत नसत, ‘नुसते बसून काय राहिलात’ म्हणून ते रागावत, आणि त्यांचा राग मला समजत असे.

भगताबद्दल एक सांगते. आम्ही त्याला नावे ठेवली तोवर लोक आधी त्याच्याकडे जात आणि मग, उशिरा, आमच्याकडे येत. पुढे आमच्या डॉक्टरांनी स्वतः जाऊन त्याला विनंती केली की रुग्णाला घेऊन तुम्हीच केंद्रावर या, मंत्र गाडीत म्हणा. तो खरोखरच येऊ लागला. त्यानंतर रुग्ण दंश झाल्यापासून तासाभरात पोचू लागले, आणि या एका गोष्टीने किती जीव वाचले असतील ते मी मोजलेले नाही, पण चेहरे आठवतात.

बांधावरची

आमच्या लातूरकडे साप चावला असे तोंडाने म्हणत नाहीत, ‘पान लागले’ म्हणतात, आणि रात्रीच्या वेळी तर सापाचे नावही घेत नाहीत, ‘लांबडे’ म्हणतात. माझ्या सासऱ्यांना सोयाबीन काढताना पान लागले. ती घोणस होती; आमच्याकडे काही जण तिला परड म्हणतात. शेजाऱ्यांनी चांगल्या मनाने पोटरीला सुंभ करकचून बांधले, ब्लेडने चीर दिली आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेले. तेथे पोचेपर्यंत दीड तास गेला होता. लस मिळाली, मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता म्हणून डायलिसिस करावे लागले, आणि ते वाचले. पाय मात्र गुडघ्याखाली गेला. डॉक्टरांनी आम्हाला सांगितले की विषाने जेवढे नुकसान केले त्यात त्या सुंभाने भर घातली, कारण घोणशीचे विष जागच्या जागी मांस सडवते आणि बांधल्यामुळे ते सगळे तिथेच कोंडून राहिले.

ज्यांनी बांधले ते आजही आमच्या घरी येतात आणि सासऱ्यांच्या पायाकडे बघत नाहीत. त्यांना दोष देण्याचे आमच्या कधी मनात आले नाही. त्यांना कुणी शिकवलेच नव्हते.

दूरदेशी

मी मूळची साताऱ्याची आहे आणि गेली बारा वर्षे मेलबर्नमध्ये राहते. इथे शाळेतच मुलांना शिकवतात की साप चावला तर संपूर्ण हातापायाला रुंद पट्टी घट्ट गुंडाळायची, खपची लावायची आणि माणसाला चालू द्यायचे नाही. मी हे गावी भावाला मोठ्या उत्साहाने सांगितले होते. वरील अनुभव वाचून भीती वाटली. सुईदोरा ताई, मी चुकीचे सांगितले का?

सुईदोरा

ताई, तिथल्या सापांसाठी ते योग्यच आहे, कारण तेथील बहुतेक विषारी साप चेतासंस्थेवर परिणाम करणारे आहेत आणि जागेवर मांस सडवणारे विष तिथे फारसे नाही. आपल्याकडे घोणस आणि फुरसे आहेत, आणि चावणारा साप कोणता हे बहुतेक वेळा माहीत नसते, म्हणून घट्ट पट्टी सांगत नाहीत. भावाला एवढेच कळवा : अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढावीत, चावलेला अवयव मोडलेल्या हाडासारखा खपची लावून स्थिर ठेवावा, चालू देऊ नये, आणि 108 ला फोन करावा. चीर द्यायची नाही, चोखायचे नाही, बर्फ लावायचा नाही.

दूरदेशी

आत्ताच त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘बरे झाले, मी ते गणपतीच्या मंडळात सर्वांना सांगणार होतो.’

वारूळ

मी वीस वर्षे वस्तीतले साप पकडून रानात सोडतो, त्यामुळे सापाच्या बाजूनेही थोडे लिहितो. महाराष्ट्रात माणसे दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आपल्याकडे मिळणारी लस याच चार विषांवर चालते. त्यांची विषे तमिळनाडूतील वडनेमेली येथे इरुळा आदिवासींची 1978 पासूनची सहकारी संस्था आहे, तिच्याकडून मोठ्या प्रमाणावर येतात. पूर्वी कातड्यासाठी साप पकडणारी ही माणसे आता साप चार आठवडे ठेवतात, आठवड्यातून एकदा विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात. ते विष अगदी थोड्या मात्रेत घोड्यांना टोचतात आणि घोड्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून लस बनते. एक मिलिलिटर लस नागाचे 0.6 मिलिग्रॅम विष निकामी करते, मण्यारीचे 0.45. एका दंशात याच्या कितीतरी पट विष अंगात जाऊ शकते; सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या का द्याव्या लागतात, ते यावरून लक्षात यावे.

कळकळीची विनंती अशी की साप मारून दवाखान्यात आणू नये. त्याच्या मागे धावताना दुसऱ्याला चावल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. दुरून, सहज निघाला तर फोटो काढावा; नाही निघाला तरी काही अडत नाही.

जास्वंद

वारूळ काका, आमच्या न्हाणीघरात नेहमी एक पट्ट्यापट्ट्यांचा साप येतो. यजमान म्हणतात तो कवड्या आहे, सासूबाई म्हणतात मण्यार आहे, आणि या वादात संध्याकाळ जाते.

वारूळ

ताई, कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे रुंद असतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचे डोके आणि मान सहसा काळीभोर असते, पांढऱ्या बारीक रेषा थोडे अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक ठळक होतात. त्या बऱ्याचदा जोडीने असतात. मात्र न्हाणीघराच्या अंधूक उजेडात हे कुणीही ओळखू नये, अगदी मीसुद्धा. दार लावून घ्या आणि जवळच्या सर्पमित्राला बोलवा. कवड्या पालीच्या मागे येतो, त्यामुळे न्हाणीतला दिवा रात्रभर जळत ठेवत असाल तर तो बंद करा. दिव्याला किडे येतात, किड्यांना पाली आणि पालींना तो.

जास्वंद

दिवा आम्ही सापाच्या भीतीनेच चालू ठेवत होतो. आजपासून बंद.

फळ्याआड

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या एका विद्यार्थिनीला तीन वर्षांपूर्वी नाग चावला. ती बरी होऊन परतल्यावर मुले तिच्याजवळ बसेनात, कारण ‘सापाचा डूख’ तिच्यामागे येईल अशी घरोघर चर्चा होती. मला भाषण करण्याचा कंटाळा आला होता, म्हणून आम्ही शाळेची मागची भिंत रंगवायला घेतली. एका बाजूला चार विषारी साप आणि प्रत्येकासमोर त्याच्यासारखा दिसणारा बिनविषारी साप : मण्यारीसमोर कवड्या, घोणशीसमोर डुरक्या घोणस, नागासमोर धामण, फुरशासमोर मांजऱ्या. घोणशीच्या पाठीवरची साखळी मुलांनी तिफणीच्या दोरासारखी आखली, फुरशाच्या डोक्यावरचा बाणासारखा ठसा त्यांनी पक्ष्याच्या पायाचा ठसा म्हणून लक्षात ठेवला, आणि फुरसे अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून आवाज करते हे दाखवण्यासाठी शेजारी एक करवत काढली. नागाचा फणा त्या मुलीने स्वतः रंगवला. चित्र पूर्ण होईपर्यंत तिच्याभोवती इतकी मुले जमली होती की रंगाच्या डब्याला जागा उरली नव्हती.

भिंतीवर खाली मोठ्या अक्षरांत 108 लिहिले आहे. पाऊस त्या बाजूने येतो, त्यामुळे दर मे महिन्यात ते आकडे पुन्हा गडद करावे लागतात.

शेणसडा

गुरुजी, मुलीच्या हातून फणा रंगवून घेतलात, हे वाचून डोळे भरून आले.

महाडकडची

विषय सापाचा आहे, पण त्याला लागूनच विंचवाचे लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या लहानपणी लाल विंचू चावलेले मूल म्हणजे घरात आक्रोश ठरलेला असे. आधी घाम, ओकाऱ्या, हातपाय बर्फासारखे गार, आणि मग धाप लागून तोंडाला गुलाबी फेस. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात 1976 च्या सुमारास रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी अशा रुग्णांजवळ रात्र रात्र बसून निरीक्षणे लिहिली आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरले. 1986 मध्ये त्यांचे ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या धाकट्या भावाला 1989 मध्ये विंचू चावला तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी तीच गोळी दिली. तो आज पन्नाशीला आला आहे. माझ्या मोठ्या बहिणीला 1971 मध्ये चावला होता. तेव्हा ही गोळी कुणाला ठाऊक नव्हती.

बांधावरची

महाडकडच्या ताई, दोन भावंडांमध्ये तेवढीच वर्षे होती, हे वाचून मी हातातले काम ठेवून बसले.

सुईदोरा

एक सांगायचे राहिले. पावसाळ्यात जमिनीवर झोपावेच लागत असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचाव्यात. मण्यारीपासून इतके स्वस्त आणि इतके चांगले संरक्षण दुसरे मला माहीत नाही. धान्याची पोती झोपण्याच्या खोलीत ठेवू नयेत, कारण उंदरांच्या मागे साप येतो, आणि रात्री बाहेर पडताना बॅटरी व पायात बूट असावेत.

कातळवाट

सर्वांचे अनुभव वाचले आणि आज सकाळी धीर करून काकूला फोन केला. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे. त्या दिवसाबद्दल मी तिला आजवर कधीही विचारले नव्हते. सुईदोरा ताईंनी लिहिलेले मी तिला सावकाश समजावून सांगितले, पोटदुखी कशाने झाली तेही सांगितले आणि ओवा देण्यात तिची काहीच चूक नव्हती हेही सांगितले.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘त्याच्या कानामागे दोन बारीक ठिपके होते रे. डास चावला असेल म्हणून मी खोबरेल लावले होते.’ हे तिने इतक्या वर्षांत कुणालाही, काकांनाही, सांगितलेले नव्हते.

फोन ठेवण्याआधी तिने विचारले की चौघे जण झोपतील एवढी मच्छरदाणी राजापुरात केवढ्याला मिळते, कारण सुट्टीत पतवंडे येणार आहेत आणि ती पडवीतच झोपायचा हट्ट धरतात.