घड्याळ कापता येतं की!

'खेळांच्या व्हिडिओ गेममधला करिअर मोड (एकेक टप्पा पार करत पुढे जायचा प्रकार) म्हणजे नुसतं दळण, त्यात कसलं आलंय स्पीडरन (गेम कमीत कमी वेळात संपवणं)' असं काही जण म्हणतात. क्रिकेट-फुटबॉलच्या गेमपुरतं ते मान्य. पण १९९९ चा स्केटबोर्डिंगचा गेम टोनी हॉक्स प्रो स्केटर घ्या. प्रत्येक फेरी दोन मिनिटांची, पण ती पूर्ण खेळायची सक्ती नाही. वेअरहाउस या पहिल्या लेव्हलमध्ये पाच खोकी फोडायची, एस-के-ए-टी-ई अक्षरं गोळा करायची, लपवलेली व्हिडिओ टेप उचलायची, दोन स्कोअर गाठायचे. सगळं एकाच फेरीत उरकलं की पॉज दाबून फेरी तिथेच संपवायची. खरी वेळ वाचते ती इथे.

मी मात्र चार अक्षरं घेऊन शेवटच्या 'ई'पाशी हमखास आपटायचो. अक्षरं पुढच्या फेरीत टिकत नाहीत, म्हणजे पुन्हा 'एस'पासून श्रीगणेशा!