शाई वाळलेला प्रिंटर कसा जिवंत केलात? अनुभव सांगा

रानजाई :
आज सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय, "प्रिंटर बंद आहे, फुकट घेऊन जा". ते वाचून अण्णा आठवले, म्हणजे माझे सासरे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या नोटिसा घरीच छापायचे, मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि प्रिंटरवर टेबलक्लॉथ पडला तो पडलाच. नंतर चालू केला तर निळा रंग गायब, काळ्यात आडव्या रेघा. दुरुस्तीवाल्याने बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला नवीन घ्या. अण्णा एस्टीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, ते कसले ऐकतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, कोमट केलं, स्टीलच्या ताटलीत टिश्यूची जाड घडी भिजवली आणि कार्ट्रिज त्यावर तांब्याच्या पट्ट्या वाचवून, फक्त तळाची बारीक भोकं टेकतील असं बसवलं. थोड्या वेळाने टिश्यूवर नुसतं जांभळं गचपण. मग कोरड्या टिश्यूवर टिपायचं, परत ओलं, परत टिपायचं. शेवटी कोरड्या टिश्यूवर निळा गुलाबी पिवळा असे तीन स्वच्छ पट्टे शेजारी शेजारी उमटले तेव्हा मला हाक मारून दाखवले. ओट्यावर मात्र निळा डाग पडला तो घर विकेपर्यंत होता. तुमचे उपद्व्याप सांगा!

डोंबिवली_फास्ट :
अण्णा लय भारी. पण हे कार्ट्रिजलाच हेड, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, असेल तर. टाकीवाल्यात, म्हणजे बाटलीने शाई ओततात त्या प्रिंटरमध्ये, हेड मशीनमध्ये फिक्स, काढून ताटलीत ठेवता येत नाही.

खमंग :
आमच्याकडे पोराचं प्रोजेक्ट, रात्री साडेदहाला सांगणार "उद्या द्यायचंय", झेरॉक्सवाला बंद. हेड क्लीनिंग दाबलं, परत दाबलं, नवरा म्हणतो अजून एकदा, आणि टाकीतली शाई डोळ्यांदेखत खाली. प्रिंट काय आली नाहीच. मोर हाताने काढला स्केचपेनने. बाईंनी हाताने काढला म्हणून कौतुक केलं 😂

टेस्टर_बाबू :
@खमंग हेड क्लीनिंग म्हणजे शाई ओढून फेकणं. ती फेकलेली शाई आत खाली स्पंजचं पॅड असतं तिथे जाते. ते भरलं की मशीन मोजून लाल दिवे लावतं आणि थांबतं, मग पॅड बदला आणि काउंटर रिसेट करा. म्हणून एकदोनदा क्लीनिंग, मग नॉझल चेकचं, म्हणजे भोकं तपासायचं रेघांचं पान काढून बघायचं की तुटक्या रेघा कमी होतायत का. होत असतील तर मशीन रात्रभर तसंच सोडा, सकाळी परत बघा. आतली शाई वाळलेल्या शाईला भिजवते, आपोआप सैल होतं. लोकांना धीर नसतो हीच अडचण आहे.

विदर्भकन्या :
आमच्या नागपुरात मे महिन्यात कूलरसमोर प्रिंटर ठेवला होता तरी वाळला, उन्हाळ्यात माणूस वाळतो तर शाई काय चीज आहे

जांभूळपाडा :
आणि आमच्या कोकणात उलटं. शाई ठीक, कागदच पावसाळ्यात मऊ पडतो, दोन दोन पानं आत ओढतो नि अडकून बसतो. रिम तांदळाच्या डब्याशेजारी ठेवते हल्ली, कोरडी जागा तेवढीच.

खमंग :
@जांभूळपाडा तांदळाला शाईचा वास नाही ना लागत 😄 बाकी तुमच्या त्या फणसाच्या सांदणांचं प्रमाण द्या ना, मागे म्हणाला होतात

शाईपेन :
मुळात घरोघरी चालणारी गोष्ट सांगतो. आमची आई काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करते, लाईटबिल! प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड कोपऱ्यात जाऊन रबरी कॅपवर बसतं, झाकण लागतं. भिंतीवरून मधेच बंद केला की हेड जिथे असेल तिथे उघडं. टोपण न लावलेल्या पेनासारखं. वर बऱ्याच मशीनना वीज गेली की पुढच्या वेळी चालू होताना स्वतःहून क्लीनिंग करायची खोड असते, म्हणजे शाई परत फुकट. आईला सांगितलं तर म्हणते, "मग विकून टाक".

डोंबिवली_फास्ट :
टाकीवाल्याचं माझं सांगतो, मेडिकलमधून सिरिंज, सुई काढून टाकायची, पुढे सलाईनच्या नळीचा छोटा तुकडा. हेडखाली टिश्यू सरकवला, वरच्या तोटीला नळी लावली आणि कोमट डिस्टिल्ड वॉटर अगदी हळूहळू. जोर लावला की आतलं नाजूक काम फाटतं, मग हेड कायमचं गेलं. आधी पाणी आत जाईचना, नंतर टिश्यूवर काळसर थेंब, मग लालसर, मग गुलाबी. फेंट पिंक नाही, तो रंगपंचमीचा गुलाबी. दोन दिवस हातांनी जेवताना बायको चमचा द्यायची.

टेस्टर_बाबू :
सिरिंजवरून आठवलं. कॅननच्या लॅबमध्ये 1977 मध्ये गरम सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजला लागली आणि सुईतून शाई उडाली, तिथून ती बबलवाली कल्पना सुचली. थर्मल हेडमध्ये आजही तेच, बारीक हीटर शाई तापवतो, बुडबुडा होतो, थेंब बाहेर. एपसनच्या पिएझोत उष्णता नाही, विजेने क्रिस्टल हलतो आणि शाई ढकलतो. म्हणून थर्मलवाल्यांनी शाई येत नसताना पान पान छापत बसू नका, हीटर कोरडा तापून जळतो. तुंबलेलं निघतं, जळलेलं नाही.

स्वप्नाळू_उंट :
जाऊबाई नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन आल्या होत्या, मी हात धरला. ॲसिटोन प्लॅस्टिक खातं बाई!!

बर्लिनकर :
इथे नळाचं पाणी इतकं जड की किटलीत पांढरा थर बसतो. ते हेडमध्ये घातलं असतं तर शाई गेली आणि क्षार बसले अशी गत. इस्त्रीत घालायचं डिस्टिल्ड पाणी सुपरमार्केटात मिळतं तेच वापरलं. काळा मात्र नाही निघाला, बाकी तिन्ही चकाचक. काळी शाई पिगमेंटची होती, तिच्यात रंग विरघळलेला नसतो, कण असतात, ते घट्ट बसतात. शेवटी तिन्ही रंग मिसळून काळं छापतो. व्हिसाचे कागद जरा चॉकलेटी आलेत, अजून कुणी काही बोललं नाही.

काटकसरे :
लेझर घ्या. पावडर असते, वाळायचा प्रश्नच नाही. विषय संपला.

खमंग :
@काटकसरे आणि मोर??

काटकसरे :
काळापांढरा मोर.

रानजाई :
😂😂 बर्लिनकर, काळं कार्ट्रिज कोमट पाण्यावर रात्रभर ठेवून बघा, अण्णांचंही काळं सगळ्यात शेवटी आलं होतं.

मास्तर_निवृत्त :
आमच्या वेळी सायक्लोस्टाइल, स्टेन्सिलमधून शाई उतरवून प्रती काढायचं मशीन. स्टेन्सिलवर चूक झाली की लाल करेक्शन फ्लुइड लावायचं, वाळायची वाट बघायची, मग टाइप. परीक्षेच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये हातभर शाई. शिपाईमामा रोलर रॉकेलने पुसायचे, दुसऱ्या दिवशी पेपरला रॉकेलचा वास.

शाईपेन :
सर आमच्या सहामाहीच्या पेपरला खरंच तो वास असायचा! आणि शेवटचा प्रश्न कायम पुसट, मग बाई वर्गात येऊन वाचून दाखवायच्या.

विदर्भकन्या :
पुसट असलं की आम्ही तो सोडून द्यायचो, "दिसला नाही बाई"

जांभूळपाडा :
@खमंग सांदणाला दोन वाट्या रसाला दोन वाट्या तांदळाचा रवा, गूळ चवीप्रमाणे. बरका फणसच हवा.

स्वप्नाळू_उंट :
माझा आत्ता लावून बघितला, एकच लाल दिवा लुकलुकतोय, हे पॅड भरल्याचं का?

टेस्टर_बाबू :
मॉडेल सांगा. आणि आधी ट्रेमध्ये कागद आहे का बघा.

स्वप्नाळू_उंट :
नव्हता 🙈