नर्सिंग स्टाफचा बर्नआउट मोजायचाय, टोटल 71 आली तर म्हणायचं काय?

नवशिकी_सिस्टर
एमएससी नर्सिंगचं डिझर्टेशन चालू आहे, विषय स्टाफ नर्सेसमधला बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून खचून जाणं. मास्लाक इन्व्हेंटरी म्हणून बर्नआउट मोजायची प्रश्नावली आहे, तिचे 22 प्रश्न नेटवरून काढले, मीच मराठी केलं आणि पायलटला (आधीच्या छोट्या चाचणीला) 10 जणींकडून भरून घेतले. आता 0 ते 6 चे सगळे मार्क मिळवले तर कुणाची टोटल 71, कुणाची 58 येतेय. कितीच्या वर बर्नआउट धरायचं? आणि गंमत म्हणजे 71 वाली आमच्यातली सगळ्यात हसतमुख सिस्टर आहे, म्हणून डोकं चालेना.

आकडेमोड
टोटल मारायचीच नसते हो ताई! त्यात तीन वेगळे भाग आहेत, भावनिक थकवा 9 प्रश्न, पेशंटशी कोरडेपणाने वागणं 5, आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय ही भावना 8. हे शेवटचे आठ उलटे चालतात, तिथे मार्क जास्त म्हणजे बर्नआउट कमी. तुमच्या हसतमुख सिस्टरने तिथे भरभरून मार्क दिले असतील आणि तुम्ही तेच तिच्या नावावर थकवा म्हणून चढवलेत. तिन्ही स्कोअर वेगवेगळे लिहा. थकवा 27 किंवा त्याहून जास्त आला की 'हाय' असं जुन्या पेपरांत दिसेल, पण ते कटऑफ (सीमेचे आकडे) लोकांचे तीन सारखे गट पाडून काढलेले होते, तपासून निदान करून नाही, आणि 2016 च्या मॅन्युअलमधून ते काढूनच टाकलेत. तसंही डब्ल्यूएचओच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीमध्ये बर्नआउट हा आजार म्हणून नाहीये, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे, त्यामुळे 'इतके टक्के नर्सेसना बर्नआउट झालाय' असं छातीठोक लिहू नका.
आणि हो, ही इन्व्हेंटरी फुकट नाही, वापरायला लायसन्स लागतं, भाषांतरालाही परवानगी लागते. गाइडना आधी विचारा.

रात्रपाळी
आकडे राहू देत, फॉर्म गोळा कुणी केले ते सांगा आधी. आमच्याकडे एकदा असाच सर्व्हे झाला, इन्चार्ज सिस्टर टेबलाशी उभ्या आणि आम्ही भरतोय, वर वय, वॉर्ड, किती वर्षं सर्व्हिस सगळं लिहायचं, म्हणजे नाव नसलं तरी कोण ते शेंबडं पोरही सांगेल. पेशंटबद्दल आता काही वाटेनासं झालंय का, या प्रश्नावर मी ठोकून 'कधीच नाही' लिहिलं. खरं उत्तर ते नव्हतं. लागोपाठ चौथी नाइट होती आणि पहाटे बेल वाजली की पेशंटचा रागच यायचा, पण हे इन्चार्जसमोर कोण लिहिणार. रिपोर्ट मस्त आला, स्टाफ आनंदी आहे म्हणे.

नवशिकी_सिस्टर
बापरे, माझे फॉर्म पण इन्चार्ज मॅडमनीच गोळा केलेत 🙈 म्हणजे पायलट गेला पाण्यात. फुकटचं दुसरं काही आहे का?

आकडेमोड
कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी बघा, 2005 ची, 19 प्रश्न, वापरायला मोफत. एकंदर थकवा, कामामुळे आलेला थकवा आणि पेशंटमुळे आलेला थकवा असे तीन भाग, प्रत्येकाची सरासरी 0 ते 100 मध्ये. मला हीच आवडते कारण घरी तान्हं बाळ असलेल्या सिस्टरचा पहिला स्कोअर चढेल आणि बाकीचे दोन कमी राहतील, मग तिचं ओझं वॉर्डच्या माथी मारलं जात नाही. फक्त फावल्या वेळात घरच्यांसाठी ताकद उरते का, असा एक प्रश्न उलटा मोजायचा असतो, तो विसरलात तर परत 71 वालाच घोटाळा. भाषांतर एकीने करायचं, दुसरीने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं आणि मग ताडून बघायचं.

रात्रपाळी
फॉर्मवर वॉर्ड विचारू नका, वय पण गटातच विचारा, आणि बंद पेटी ठेवा, ड्युटी रूममध्ये नको. नाइट संपल्या संपल्या भरायला देऊ नका, तेव्हा सगळ्याच मेलेल्या असतात. अजून एक, ज्या खरंच खचल्या त्या लांब रजेवर आहेत नाहीतर नोकरी सोडून गेल्यात, त्या तुमच्या यादीत येणारच नाहीत. निदान रजेवरच्यांना तरी फॉर्म पाठवा.

नवशिकी_सिस्टर
रजेवर दोघी आहेत, त्यातली एक माझ्याच बॅचची. तिला फॉर्म पाठवायचा की आधी नुसता फोन करायचा हेच कळेना.

रात्रपाळी
फोन कर गं. फॉर्मचं नंतर.